निर्वासित, आश्रयार्थी आणि आपली काउन्सिल: इंग्लंडमधल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅम आणि टॅमवर्थला आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेला. त्यानंतर आपल्या मंडळींच्या गप्पांत हा विषय जरा जास्तच निघू लागला. मी आमच्या शहरातल्या एका मदतकेंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करते. काउन्सिलची (म्हणजे स्थानिक पालिकेची) माणसं, वकील, शाळेच्या बाई आणि आश्रयाला आलेली माणसं असे सगळे तिथे एका टेबलाभोवती बसतात. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, मुलांना शाळेत सोडताना मला जे प्रश्न विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत.

ही माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये घर, शाळा आणि समाजसेवा यांचे कायदे वेगळे आहेत.

ही हॉटेलं काउन्सिल चालवते का? म्हणजे आमच्या काउन्सिल टॅक्समधून?

नाही. आश्रयार्थींना कुठे ठेवायचं हे होम ऑफिस, म्हणजे केंद्राचं गृहखातं, ठरवतं आणि पैसे केंद्र सरकारच्या तिजोरीतून जातात. २०१९ पासून हे काम तीन कंपन्यांकडे आहे. लंडनसह दक्षिण इंग्लंड आणि वेल्स क्लिअरस्प्रिंग्जकडे, मिडलंड्स, पूर्व आणि वायव्य इंग्लंड सर्कोकडे, तर यॉर्कशायर, ईशान्य इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड मिअर्सकडे. कंत्राटं १० वर्षांची आहेत. सुरुवातीला एकूण खर्चाचा अंदाज ४.५ अब्ज पौंड होता. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२५ मध्ये तो १५.३ अब्जांवर जाईल असं सांगितलं. त्याच अहवालानुसार हॉटेलांत राहणारे लोक साधारण ३५ टक्के, पण खर्चाचा ७६ टक्के वाटा हॉटेलांचा.

हा पैसा हॉटेलमालक आणि कंत्राटदारांकडे जातो. हॉटेलात राहणाऱ्या माणसाच्या हातात आठवड्याला १० पौंडसुद्धा पडत नाहीत. संताप करायचाच तर कोणावर, हे ठरवताना एवढं लक्षात असू द्यावं.

आश्रयार्थी आणि निर्वासित यांत काउन्सिलच्या दृष्टीने फरक काय?

आकाशपाताळाचा. "मला माझ्या देशात जिवाची भीती आहे, मला इथे राहू द्या" असा अर्ज केलेला आणि निकालाची वाट पाहणारा तो आश्रयार्थी. अर्ज मंजूर झाला की तो निर्वासित. या निकालाला १९५१ च्या निर्वासित कराराचा आधार आहे.

निकाल लागेपर्यंत माणूस होम ऑफिसच्या ताब्यातल्या व्यवस्थेत असतो. निकाल लागला की ती व्यवस्था संपते आणि तो काउन्सिलच्या दारात येतो. या दोन टप्प्यांमधली फट हेच आमच्या कामाचं खरं दुखणं आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

त्यांना किती पैसे मिळतात? फोन, कपडे, सगळं फुकट म्हणे.

घरात राहून स्वतः स्वयंपाक करणाऱ्याला जानेवारी २०२४ पासूनचा दर आठवड्याला ४९.१८ पौंड. म्हणजे दिवसाला सात पौंड. जेवण देणाऱ्या हॉटेलात असेल तर वर म्हटल्याप्रमाणे १० पौंडांच्या आत. हे पैसे ॲस्पेन नावाच्या कार्डावर येतात. ते कार्ड कुठे वापरलं हे होम ऑफिसला दिसतं. युनिव्हर्सल क्रेडिट (बेकार किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी भत्ता) नाही, काउन्सिलचं घर नाही, बालभत्ता नाही.

सात पौंडांत काय होतं, ते एका तरुणाने मला टेबलावर पावत्या मांडून दाखवलं होतं. सुदानचा मुलगा, गणितात पक्का. वकिलाचं ऑफिस शेजारच्या गावात. बसचं एका बाजूचं तिकीट तीन पौंड, येऊन-जाऊन सहा. त्या दिवशी जेवणाला एक पौंड उरला. आदल्या दिवशी तांदूळ जास्त शिजवून ठेवायचा आणि मग निघायचं, हा त्याचा हिशेब. मोबाइल बहुतेकांकडे असतो, कारण होम ऑफिसची पत्रं, डॉक्टरची वेळ, आईशी बोलणं सगळं त्यावरच. बहुतेकांचा तो वापरलेला, कोणीतरी दिलेला असतो.

मग ते काम का करत नाहीत?

त्यांना परवानगी नाही. अर्ज करून १२ महिने उलटले आणि उशीर त्यांच्या चुकीने झालेला नसेल, तर परवानगी मागता येते. ती मिळाली तरी सरकारी यादीतल्या ठरावीक नोकऱ्यांपुरतीच. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून मात्र काम करता येतं, आणि खूपजण करतात. आमच्या केंद्रातला चहा, भांडी, भाषांतर हे सगळं त्यांच्याच जिवावर चालतं. नर्स, इलेक्ट्रिशियन, शिक्षक असलेली माणसं महिनोन्महिने रिकाम्या हाताने बसतात तेव्हा त्यांचं काय होतं ते मी जवळून पाहते. माझं मत विचाराल तर कामाची परवानगी सहा महिन्यांनी द्यावी, सगळ्या नोकऱ्यांसाठी द्यावी.

निकाल लागेपर्यंत काउन्सिल मग काहीच करत नाही का?

बरंच करते, फक्त त्यातलं फारसं बातम्यांत येत नाही.

सगळ्यात आधी शाळा. ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा मिळवून देणं काउन्सिलची जबाबदारी आहे, आईवडिलांचा व्हिसा कुठलाही असो किंवा नसो. होम ऑफिसच्या आधारावर असलेल्या कुटुंबातल्या मुलांना शाळेत जेवण मोफत असतं. अडचण येते ती गणवेशाची. शाळेचं चिन्ह असलेला स्वेटर ठरावीक दुकानातच मिळतो आणि आठवड्याच्या भत्त्याचा मोठा घास घेतो. काही काउन्सिली गणवेशासाठी पैसे देतात, काही देत नाहीत. म्हणून आमच्याकडे जुन्या गणवेशांची पेटी वर्षभर उघडी असते.

मग बालसंरक्षण, अपंग किंवा आजारी प्रौढांची काळजी, लसीकरणासारखं सार्वजनिक आरोग्य. पाच किंवा जास्त माणसं एकत्र राहतात अशा सामायिक घरांचे परवाने देणं, तिथे बुरशी किंवा आगीचा धोका असेल तर तपासणी करणं. प्रौढांच्या इंग्रजी वर्गांत आश्रयार्थीला सहा महिने वाट पाहिल्यावर सरकारी खर्चाने प्रवेश मिळू शकतो. त्याआधीचे सहा महिने वाचनालयातले गप्पांचे वर्ग आणि स्वयंसेवक सांभाळतात.

डॉक्टर हे काउन्सिलचं खातं नव्हे, तरी सांगते, कारण विचारतात फार. जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नोंदणी करायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा देणं बंधनकारक नाही. आश्रयार्थींना एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मोफत आहेत.

कुठल्या काउन्सिलकडे जायचं? आमच्याकडे दोन आहेत.

हा गोंधळ आपल्या लोकांचाही होतो. अनेक भागांत वरच्या पातळीवर काउंटी आणि खाली डिस्ट्रिक्ट किंवा बरो असते. शाळा, मुलं आणि समाजसेवा काउंटीकडे. घर, बेघरपणा, बांधकाम परवानगी आणि कचरा खालच्या काउन्सिलकडे. मोठ्या शहरांत आणि लंडनच्या बरोंत सगळं एकाच छताखाली असतं. चुकीच्या खिडकीत उभं राहून निर्वासित कुटुंबाचा आठवडा वाया जातो, म्हणून कोणाला पाठवण्याआधी हे बघून घ्या.

एकटी आलेली मुलं कोण सांभाळतं?

काउन्सिल. इथे होम ऑफिसची घरं लागू नाहीत. १८ वर्षांखालचं मूल पालकांशिवाय आलं की १९८९ च्या बालक कायद्याने ते ज्या भागात आढळतं तिथल्या काउन्सिलचं होतं, अगदी इथे जन्मलेल्या अनाथ मुलासारखं. मूल सांभाळणारं दुसरं कुटुंब (फॉस्टर) किंवा देखरेखीचं घर, शाळा, समाजसेवक, आणि १८ नंतरही किमान २१ पर्यंत, कधी २५ पर्यंत आधार.

फ्रान्सकडून येणाऱ्या लहान बोटी केंटच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळा भार केंटवर पडला. २०१६ मध्ये मुलं इतर काउन्सिलींकडे पाठवण्याची योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली. ऐच्छिक असल्यामुळे पुरेशी मुलं हलली नाहीत. २०२१ च्या अखेरीस ती सक्तीची झाली. आता एखाद्या काउन्सिलकडे अशी मुलं तिच्या एकूण बालसंख्येच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त झाली की नव्या मुलांना दुसरीकडे पाठवलं जातं.

मधल्या काळात जे झालं ते विसरता येण्यासारखं नाही. होम ऑफिसने या मुलांना थेट हॉटेलांत ठेवलं. त्यातली २०० मुलं बेपत्ता असल्याचं जानेवारी २०२३ मध्ये मंत्र्यांनी संसदेत सांगितलं. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलांना असं सर्रास हॉटेलांत ठेवणं बेकायदा आहे, आणि केंटनेही सगळी मुलं न स्वीकारून आपलं कर्तव्य मोडलं. ज्या व्यवस्थेत मुलाचं पालकत्व नक्की कोणाकडे हे ठरत नाही, तिथे मूल हरवतं. काउन्सिलच्या जबाबदारीला मी इतकं महत्त्व का देते, त्याचं कारण हे आहे.

वयाबद्दलही विचारतात. एखादा मुलगा १८ खालचा आहे का याबद्दल शंका असेल तर काउन्सिलचे दोन समाजसेवक त्याच्याशी सविस्तर बोलून अंदाज बांधतात. २००३ च्या मर्टन खटल्याने त्याची पद्धत घालून दिली. दिसण्यावरून झटकन ठरवू नये हा तिचा गाभा.

अर्ज मंजूर झाला म्हणजे प्रश्न सुटला ना?

मंजुरीच्या पत्राने माणूस रडतो, मिठी मारतो, आईला फोन लावतो. आणि दुसऱ्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं.

मंजुरीनंतर एकट्या प्रौढाचं होम ऑफिसचं घर आणि भत्ता २८ दिवसांत बंद होतो. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, म्हणजे ३५ दिवस. ही वजाबाकी कोणालाही करता येते. दरम्यान ई-व्हिसाचं, म्हणजे ऑनलाइन व्हिसाचं, खातं उघडायचं (प्लास्टिकचं कार्ड २०२४ च्या अखेरीस गेलं), बँकेत खातं काढायचं, नोकरी शोधायची, घर शोधायचं आणि घरमालकाला अनामत द्यायची. सरकारकडून बिनव्याजी कर्ज मिळतं, एकट्याला जास्तीत जास्त ५०० पौंड. त्यात अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं कुठल्याच शहरात भागत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदत प्रायोगिक तत्त्वावर ५६ दिवस केली होती. आमच्या केंद्रात फरक लगेच दिसला. लोक काउन्सिलच्या बेघर विभागाकडे वेळेत पोचू लागले, निदान खोलीचा शोध तरी पूर्ण करू लागले. मग सप्टेंबर २०२५ पासून एकट्या प्रौढांसाठी ती पुन्हा २८ दिवसांवर आणली. हा निर्णय मला आजही पटलेला नाही. वाचलेला पैसा होम ऑफिसच्या वहीत जमा दिसतो आणि तोच खर्च महिन्याभरात काउन्सिलच्या वहीत उगवतो.

त्या २८ दिवसांत काउन्सिलने नक्की काय करायला हवं?

२०१७ च्या बेघरपणा कमी करण्याच्या कायद्यानुसार, ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असलेल्या कोणत्याही पात्र माणसाला काउन्सिलने मदत करायलाच हवी. त्याच्याशी बसून घराचा लेखी आराखडा करायचा, अनामतीसाठी हमी देता आली तर द्यायची. थांबायला सांगायचं नाही. बेघर व्हा आणि मग या, असं खिडकीवरून ऐकलेली माणसं मला भेटली आहेत, म्हणून हे ठळक सांगते: मंजुरीचं पत्र आणि घर सोडण्याची नोटीस हातात आली की त्याच दिवशी अर्ज करायचा.

तात्पुरतं घर मात्र सगळ्यांना मिळत नाही. मुलं असलेलं कुटुंब, गरोदर बाई, आजाराने किंवा छळामुळे जास्त असुरक्षित असलेली व्यक्ती, यांना प्राधान्य. धडधाकट एकटा तरुण प्राधान्यात बसत नाही. रस्त्यावर येतो तो हाच. छळाच्या खुणा, रात्री झोप न लागणं, औषधं यांबद्दल जीपीचं पत्र बरोबर असेल तर निर्णय बदलू शकतो, म्हणून ते पत्र आधीच मागून ठेवावं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचा नियम. होम ऑफिसने ज्या शहरात शेवटचं घर दिलं, त्या शहराशी कायद्याने त्या माणसाचा स्थानिक संबंध जोडला जातो. ते शहर त्याने निवडलेलं नसतं, तरीही. त्याचे नातेवाईक लंडनला असले तरी लंडनची बरो त्याला हडर्सफील्डला परत पाठवू शकते. छोट्या काउन्सिलींवर भार का साचतो, ते यावरून कळेल.

ते काउन्सिलच्या घरांच्या रांगेत पुढे घुसतात, हे खरं?

नाही. मंजुरी मिळाल्यावर निर्वासिताला रांगेत नाव घालता येतं, इतर कोणासारखंच. अनेक काउन्सिली त्या भागात काही वर्षं राहिल्याची अट घालतात, त्यामुळे नवा माणूस मागेच राहतो. बहुतेकांना खासगी भाड्याची खोली घ्यावी लागते. त्यातही ३५ वर्षांखालच्या एकट्या माणसाला घरभाड्याची मदत सामायिक घरातल्या एका खोलीपुरतीच मिळते.

घरं कमी आहेत हे खरं आहे. ती बांधली गेली नाहीत म्हणून कमी आहेत. आपल्या ओळखीचं कोणी वर्षानुवर्षं रांगेत असेल तर त्याचा राग रास्तच आहे, पण त्याच्या पुढचा नंबर त्या सुदानी मुलाने घेतलेला नाही.

अर्ज नाकारला गेला तर?

अपील संपल्यावर एकट्या माणसाची मदत २१ दिवसांत थांबते. परत जायला तयार असेल, किंवा आजारपणासारख्या कारणाने जाऊच शकत नसेल, तर वेगळ्या कलमाखाली घर आणि कार्डावर थोडे पैसे मिळू शकतात. आधीपासून मदतीवर असलेल्या, लहान मुलांच्या कुटुंबांची मदत बहुधा चालू राहते. जी कुटुंबं या जाळ्यातूनही खाली पडतात, ती बालक कायद्याच्या कलम १७ खाली काउन्सिलच्या मुलांच्या विभागाकडे येतात. त्या खर्चाची भरपाई केंद्राकडून सहसा होत नाही. इथे मात्र तुमचा काउन्सिल टॅक्स खरोखर कामी येतो, आणि मूल उपाशी झोपू नये यासाठी तो गेला तर मला आनंदच आहे.

युक्रेनच्या लोकांना एवढी वेगळी वागणूक का?

कारण त्यांच्यासाठी वेगळी वाट काढली गेली. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत लोकांनी आपल्या घरात युक्रेनी पाहुणे ठेवले. काउन्सिलने घर तपासलं, यजमानांची पोलीस-तपासणी केली, यजमानांना महिन्याला ३५० पौंड आभारादाखल दिले, आणि सुरुवातीला काउन्सिललाही दर माणशी १०,५०० पौंड मिळाले. पुढे ते ५,९०० वर आले. पाहुण्यांना पहिल्या दिवसापासून काम करता आलं.

त्याआधी सीरियाच्या युद्धातून २०१५ ते २०२१ मध्ये २०,००० हून अधिक लोक छावण्यांतून थेट इथे आणले. तिथेही काउन्सिल स्वतःहून पुढे आली, घर आधी ठरलं, विमानतळावर कोणीतरी न्यायला उभं राहिलं, आणि काउन्सिलला पाच वर्षांत माणशी २०,५२० पौंड मिळाले. वेळेवर कळवलं, पैसा दिला आणि काम करू दिलं तर इंग्लंडच्या काउन्सिली हे काम उत्तम करतात. दोनदा करून दाखवलं आहे. बोटीतून आलेल्या अफगाण किंवा एरिट्रियन माणसाला ती वाट मिळत नाही, आणि आश्रय मागण्यासाठी म्हणून कुठला व्हिसाही नसतो. मला यात न्याय दिसत नाही.

काउन्सिल "आम्हाला नकोत" म्हणू शकते का?

आश्रयार्थींना पाठवण्यावर काउन्सिलचा नकाराधिकार नाही. २०२२ पासून जवळजवळ सगळ्याच भागांत त्यांना पाठवण्याचं धोरण आहे. काउन्सिलच्या हातात बांधकाम नियोजनाचा कायदा उरतो, म्हणजे हॉटेलचा वापर बदलला, त्याला परवानगी घेतली होती का, असा वाद. एपिंगच्या काउन्सिलने २०२५ मध्ये हाच मुद्दा घेतला. १९ ऑगस्टला उच्च न्यायालयाने आश्रयार्थी राहत असलेलं तिथलं बेल हॉटेल रिकामं करण्याचा अंतरिम आदेश दिला, दहा दिवसांत अपील न्यायालयाने तो उठवला. त्या दहा दिवसांत हॉटेलातल्या माणसांनी काय झोप घेतली असेल, याचा विचार दोन्ही बाजूंच्या बातम्यांत मला क्वचित दिसला.

पूर्वीही असं होतं का?

१९७२ चा लेस्टर आठवा. इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती बहुसंख्य, शिवाय गोव्याची मंडळीही होती. साधारण २८,००० लोक ब्रिटनला आले आणि जुन्या लष्करी तळांवर उतरले. लेस्टरच्या काउन्सिलने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की घरं नाहीत, शाळा भरल्या आहेत, लेस्टरला येऊ नका. लोक आले. त्यांनी बंद पडत चाललेल्या रस्त्यांवर दुकानं काढली, कारखाने काढले. आज बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला जी गर्दी होते, आपणही गाड्या काढून जिथे मिठाई आणि दिवे बघायला जातो, तो रस्ता त्यांनी उभा केला.

भारतात अशी व्यवस्था आहे का?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. प्रत्येक वेळी वेगळा निर्णय झाला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं आली आणि त्यातून उल्हासनगर झालं. त्याआधी, १९४३ ते १९४८ मध्ये, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना तिथे होता, आणि पुढे कितीतरी वर्षं ती मुलं म्हातारी होऊन वळिवडं बघायला येत राहिली. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वसाहत आहे. तेव्हा हा अनुभव आपल्या मातीला नवा नाही.

मी स्वतः वर्क व्हिसावर आहे. माझा यात काय संबंध?

तुमच्या व्हिसावरही "सार्वजनिक निधी नाही" ही अट आहे, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट किंवा काउन्सिलचं घर मागता येत नाही. नोकरी गेली किंवा घरात मारहाण सुरू झाली तर तुम्हीही त्याच कात्रीत सापडता. पण शाळा, एनएचएस, फूड बँक आणि कलम १७ खालची मुलांसाठीची मदत सार्वजनिक निधीत मोडत नाही. ती घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि घरगुती हिंसेमुळे बाहेर पडलेल्या व्यक्तीला तीन महिन्यांची विशेष सवलत मागता येते. फेब्रुवारी २०२४ पासून ती नोकरी आणि विद्यार्थी व्हिसावरच्यांच्या जोडीदारांनाही खुली झाली. "व्हिसा जाईल" या भीतीने मार खात राहिलेल्या आपल्या बायका मी पाहिल्या आहेत. आधी सल्ला घ्या, मैत्रिणीला घेऊन द्या.

नियम बदलताहेत असं ऐकलं.

बदलताहेत, आणि कडक होताहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्वासितांच्या कुटुंबीयांना आणण्याचे नवे अर्ज स्थगित झाले. १७ नोव्हेंबर २०२५ ला सरकारने जाहीर केलं की निर्वासिताचा दर्जा एकावेळी ३० महिन्यांचा असेल आणि आश्रयार्थींना आधार देण्याचं कायदेशीर बंधन काढून टाकलं जाईल. म्हणून कोणालाही ऐकीव माहितीवर सल्ला देऊ नका. वकील किंवा नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराखेरीज इतरांनी असा सल्ला देणं हा गुन्हाही आहे. आपण पत्र वाचून दाखवू शकतो, बरोबर जाऊ शकतो, वकिलाची वेळ ठरवून देऊ शकतो.

आम्ही काय करू शकतो? कपडे देऊ का?

कपडे विचारून द्या. केंद्रांत साड्या आणि लहान मापाचे शर्ट ढिगाने येतात आणि ४२ नंबरचे बूट, गरम हातमोजे, सूटकेस मिळत नाहीत. सूटकेस खरंच लागते. माणसं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत सामान घेऊन घर सोडतात.

पैशांपेक्षाही वेळ लागतो. ई-व्हिसाचं खातं उघडायला ईमेल, फोन आणि शांतपणे शेजारी बसणारं माणूस हवं. आपल्यातले निम्मे लोक आयटीत आहेत, हे काम आपल्याला डाव्या हाताचं आहे. हिंदी-उर्दू बोलता येत असेल तर अफगाण आणि पाकिस्तानी कुटुंबांबरोबर शाळेच्या मीटिंगला जाता येईल. वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे मात्र व्यावसायिक दुभाषाच हवा, तिथे आपण थांबावं.

आणि काउन्सिलरला लिहा. अनेक काउन्सिलींनी आश्रयाला आलेल्यांचं शहराने स्वागत करावं म्हणून शेफिल्डहून सुरू झालेल्या "सिटी ऑफ सँक्च्युअरी" चळवळीला ठरावाने पाठिंबा दिला आहे. तुमच्या काउन्सिलने दिला असेल तर त्याखाली काय काम चाललंय ते विचारा. दिला नसेल तर का नाही ते विचारा.

आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. निर्वासिताला भाड्याने देता येईल का?

येईल, आणि यासारखी दुसरी मदत नाही. मंजुरी मिळालेल्या माणसाला राहण्याचा पूर्ण हक्क असतो. इंग्लंडमध्ये घरमालकाने भाडेकरूचा हक्क तपासायचा असतो. तो आपल्या ई-व्हिसातून शेअर कोड देतो, तुम्ही तो सरकारी संकेतस्थळावर तपासून प्रत जपून ठेवायची. पाच मिनिटांचं काम. आधी गहाणकर्ज देणाऱ्या बँकेला आणि विमा कंपनीला कळवा, फ्लॅट लीजवर असेल तर करार वाचा. स्वतःच्या राहत्या घरातली सजवलेली खोली दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचं भाडं करमुक्त असतं.

वेगळं घर भाड्याने देणार असाल तर काउन्सिलच्या घर विभागाला फोन करून खासगी घरमालकांबरोबर काम करणारा गट मागा. बऱ्याच काउन्सिली रोख अनामतीऐवजी लेखी हमी देतात, काही पहिल्या महिन्याचं भाडंही भरतात आणि भाडेकरूला भेट देत राहतात. तुमच्या भागात घरभाड्याच्या मदतीची कमाल मर्यादा किती, हेही तिथेच विचारा आणि भाडं त्या आत ठेवा. हमीदार, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या घरमालकाचं पत्र या अटी निर्वासित पूर्ण करूच शकत नाही, त्या आधीच काढून टाका. मंजुरीचं पत्र, शेअर कोड आणि काउन्सिलची हमी एवढ्यावर करार करता येतो.